गणपतीपुरत्या गोळ्या

माझा नवरा मला मारत असावा, असा संशय एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंना आला, तेव्हा तो बाहेर बसून लहान मुलांच्या मासिकातलं 'दोन चित्रांमधले सहा फरक शोधा' सोडवत होता. पाच सापडले होते, सहावा काही केल्या सापडत नव्हता. आत बाईंनी दार नीट लावून घेतलं, माझ्या मांडीवरच्या आणि दंडावरच्या काळ्यानिळ्या डागांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "घरी तुम्हाला सुरक्षित वाटतं का?"

मला असं काही हसू फुटलं, की अंगावरचा तो कागदी झगा टरकन फाटला. हा माणूस आणि मारणार? बाथटबमध्ये कोळी दिसला तर हा बाहेर उभा राहून मला हाका मारतो! मी हसतेय, हसतेय, डोळ्यांतून पाणी. नागपूरची मी, माझं हसू काही लहान नाही. बाईंना ते हसणं आणखीच संशयास्पद वाटलं असणार, कारण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली.

ही गोष्ट दोन हजार चारची. आम्ही ओहायोत डब्लिनला राहत होतो. नवरा एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर, मी त्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेली, म्हणजे घरी. मुलगी पाच वर्षांची, नुकती किंडरगार्टनला जायला लागलेली. आणि जूनपासून पुण्याहून सासूबाई आलेल्या. एरवी नवऱ्याला मी अरेतुरे करते, पण आई आल्या की सहा महिने तो 'अहो' व्हायचा. पहिले आठ दिवस 'अहो' म्हटलं की तो मागे वळून बघायचा, दुसरं कोण आलंय म्हणून.

आईंशी माझं भांडण होतं असं नाही. पहिली तीन वर्षं भांडून झालं होतं, दोघी दमलो होतो. एकच गोष्ट शिल्लक होती: सोवळं. घरी पाच दिवसांचा गणपती, आणि त्या पाच दिवसांत घरातल्या बाईला 'अडचण' असेल तर तिनं देवाला आणि नैवेद्याला हात लावायचा नाही. पाळी हा शब्द आईंच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. अडचण. आता ओहायोतल्या घरात स्वयंपाकघर, जेवायची जागा, बसायची जागा, देवघर सगळं एकाच खोलीत. बाजूला बसायचं तरी कुठे बाई, गराजमध्ये? लॉन मोअरशेजारी?

म्हणून गोळ्या. पाळी पुढे ढकलायच्या. आईच आणायच्या पुण्याहून, तांदळाच्या पिठीच्या डब्यात तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. गणपतीच्या आधी पाच दिवस सुरू करायच्या, विसर्जनाच्या दिवशी थांबवायच्या. यात आम्हीच काही वेगळ्या नव्हतो. ऑगस्टच्या शेवटी मंडळाची मीटिंग झाली, की पार्किंगमध्ये बायका एकमेकींच्या पर्समध्ये स्ट्रिपा सरकवायच्या. "तुझ्याकडे जास्तीच्या आहेत का गं? माझ्या सासूबाई विसरल्या." डॉक्टरला विचारणं वगैरे कुणाच्या डोक्यातही यायचं नाही.

आणि एवढं करून मी त्या पाच दिवसांत करायची काय? तर मोदक. फुटके मोदक! आमच्या घरी तळणीचे असायचे, उकडीचे मी लग्नानंतर पाहिले. पारी केली की जाड, कळ्या काढल्या की तिरक्या, आणि वाफेवर ठेवले की एकेक मोदक हसल्यासारखा उघडायचा आणि सारण बाहेर. आई काही बोलायच्या नाहीत. फक्त माझे मोदक निमूटपणे ताटाच्या खालच्या थरात लावायच्या आणि वर आपले. देवासमोर माझं काम कधी दिसायचंच नाही. ते खालच्या थरात जावेत म्हणून मी दरवर्षी गोळ्या खात होते, हे माझ्या तेव्हा ध्यानातच आलं नाही.

त्या वर्षी विसर्जन झालं, मागच्या अंगणात प्लास्टिकच्या टबात, मुलगी "बाय गणपती, सी यू नेक्स्ट इयर" म्हणून हात हलवत होती. गोळ्या थांबवल्या. तिसऱ्या दिवशी पाळी आली आणि थांबेचना. आठ दिवस झाले, दहा झाले, पंधरा झाले. दर तासाला बाथरूम. गाडीत बसताना सीटवर कचऱ्याची काळी पिशवी अंथरायची. दात घासले की बेसिन लाल. पलंगाचा कोपरा नुसता लागला तर गुडघ्यावर वांग्याच्या रंगाचा डाग.

सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच होतं: गोळ्या. "अगं, माझंही एकदा असंच झालेलं, दहा दिवस चाललं," मंडळातली एक मैत्रीण फोनवर म्हणाली, "शरीर साठलेलं सगळं बाहेर टाकतं यार." मलाही ते पटलं. आईंनी दूर्वांचा रस काढायला घेतला, रक्त थांबायला चांगला असतो म्हणून. मागच्या लॉनमधून मूठभर खुडून आणल्या, वाटल्या, फडक्यातून गाळल्या. माझ्या तोंडापाशी वाटी आली तेवढ्यात नवरा ओरडला, "आई! लॉनवर परवाच औषध मारून घेतलंय!" वाटी सिंकमध्ये गेली. आईंचा चेहरा मात्र त्या दिवसापासून उतरला तो उतरलाच, आणि मी समजले, दूर्वा वाया गेल्या म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबीर निवडता निवडता मी खाली बसले आणि उठताच येईना. डोक्यावर भाज्यांना पाणी मारायचे फवारे सुरू झाले. मी भिजतेय, हातात कोथिंबिरीची जुडी, नवरा धावत येतोय, आणि मला सुचतंय काय, तर जुडी चांगली ताजी आहे, सोडायची नाही. तशीच घेऊन बिलाच्या रांगेत गेलो. दुसऱ्या दिवशी त्यानं सुट्टी टाकली आणि मला त्या स्त्रियांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

तिथे पहिलाच प्रश्न होता, काही औषधं घेता का? मी ताडकन म्हटलं, "नो." का म्हणून विचाराल? तर आमच्या ग्रीन कार्डाचे कागद तेव्हा कुठल्यातरी टेबलावर पडले होते. माझ्या डोक्यात सरळ रांगच लागली: विनाप्रिस्क्रिप्शनच्या गोळ्या, पिठीच्या डब्यातून आणलेल्या, आणणारी बाई सत्तरीची, व्हिजिटर व्हिसावर. उद्या आईंना हातकड्या घालून विमानात बसवलं तर? आज हे लिहिताना मला माझीच कीव येते, पण तेव्हा आमच्यातल्या निम्म्या बायकांनी हेच केलं असतं. डॉक्टरला सांगितलेलं सगळं थेट इमिग्रेशनला कळतं, अशी आमची पक्की समजूत होती.

बाईंनी सोनोग्राफी केली. "गर्भाशय अगदी व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं. मग त्यांनी डाग पाहिले, नवऱ्यावर संशय घेतला, माझं हसून झालं. पण त्या बाई हुशार. जाता जाता त्यांनी माझ्या नडगीवर बोट ठेवलं. तिथे बारीक बारीक लाल ठिपके होते, मोहरीएवढे. असे ठिपके कुणी मारून उठत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी लगेच स्वतः माझं रक्त काढून घेतलं.

दुपारी चारला फोन आला. मी भेंडी चिरत होते. "हातात काय आहे?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, सुरी. "ती खाली ठेवा. आज दात घासू नका. गाडी चालवू नका. नवऱ्याला बोलवा आणि हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीला जा, आत्ता, मी तिथे कळवलंय." मी सुरी खाली ठेवली. आई समोर उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना जे कळायचं ते कळलं.

हॉस्पिटलमधले रक्ताचे डॉक्टर उंचच्या उंच, टायवर पिवळी बदकं. त्यांनी पलंगाच्या कडेला बसून समजावलं. ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर, त्यातलाही क्वचित दिसणारा प्रकार. यात रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते, म्हणून एखाद्या बाईला पहिली खूण मिळते ती न थांबणाऱ्या पाळीची. बाई जाते स्त्रियांच्या डॉक्टरकडे, आणि आजार असतो हाडांच्या आत. चांगली बातमी अशी, की सुरुवातीचे दिवस निभावले तर हा प्रकार बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. वाईट बातमी अशी, की त्या सुरुवातीच्या दिवसांत रक्तस्राव कुठेही होऊ शकतो. डोक्यातही.

खरं सांगते, मी घाबरले. मला मरायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. मुलीची वेणी फक्त मलाच घालता यायची, नवरा घालायचा ती शाळेत पोचेपर्यंत सुटायची. एवढ्या एका वेणीसाठी मी त्या दिवशी हुंदके देऊन रडले. मग रडूनही नाकातून रक्त येईल म्हणून नर्सनं रडायला बंदी घातली! अशी वेळ. रडायचं नाही, दात घासायचे नाहीत, शिंकायचं सुद्धा सांभाळून. माझ्या हातात राहिलं काय, तर बोलणं. त्यातून त्यांनी स्टिरॉइड सुरू केलं, त्यानं झोप उडते आणि तोंड सुटतं, मग काय विचारता. मी नर्सशी बोलले, लादी पुसणाऱ्या बाईशी बोलले, रक्ताच्या पिशवीशी बोलले. हाडातला नमुना काढताना त्या डॉक्टरांना मी मराठीत पुरणपोळीची कृती सांगितली. ते मान डोलावत होते.

मंडळाला कळलं तसे बावीस जण रक्त द्यायला गेले. हीऽ रांग! आणि एकोणीस परत पाठवले, कारण ते त्याच उन्हाळ्यात भारतात जाऊन आले होते आणि मलेरियाच्या भीतीनं त्यांचं रक्त वर्षभर चालत नव्हतं. चालले ते तिघंच, जे व्हिसाचा शिक्का अडकेल या धास्तीनं तीन-तीन वर्षं घरी गेलेच नव्हते. आईबापांना न भेटलेल्या त्या तिघांना मी अजून दिवाळीला फराळ पाठवते.

या सगळ्यात आई गप्प. रोज यायच्या, खुर्चीत बसायच्या, जपमाळ हातात, पण मणी पुढे सरकत नसायचा. जेवत नव्हत्या. नवरा म्हणाला, "तिला टेन्शन आलंय." पाचव्या दिवशी बदकवाले डॉक्टर आले, आणि आई एकदम उठून त्यांच्या आणि पलंगाच्या मध्ये उभ्या राहिल्या. पदराखालून रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली. आत गोळ्यांची रिकामी स्ट्रिप.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "आय गिव्ह. धिस टॅब्लेट, आय गिव्ह. शी नॉट वाँट. आय डू. पोलीस, मी. नॉट हर."

बाप रे! नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. पाच दिवस मी तोंड शिवून बसले होते, आईंना पोलीस नेतील म्हणून. आणि पाच दिवस आई उपाशी, आपण सून मारली म्हणून. दोघी एकाच खोलीत, सहा फुटांवर!

डॉक्टरांनी स्ट्रिप उजेडाकडे धरून नाव वाचलं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि आईंच्या समोर बसले, अगदी त्यांच्या नजरेच्या पातळीला येऊन, आणि नवऱ्याला म्हणाले, एकेक शब्द सांगा त्यांना. "या गोळ्यांनी हा आजार होत नाही. काही झालं असलंच तर खूण दिसायला थोडा उशीर झाला." नवऱ्यानं सांगितलं. आईंचा विश्वास बसेना. तेव्हा डॉक्टरांनी हातातली फाइल उघडून दाखवली. त्या सकाळीच त्यांनी माझ्यासाठी औषध लिहिलं होतं, उपचार चालू असताना पाळी येऊन रक्त वाया जाऊ नये म्हणून. पाळी थांबवायची गोळी. त्याच जातीची!

नवरा भाषांतर करता करता अडला आणि फस्सकन हसला. मला तर हसायला मनाई होती, पण कुठली मनाई! आई आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आता मोठ्या डॉक्टरांनी पण तीच दिली?" आणि डबा उघडून अर्धी पोळी खाल्ली. पाच दिवसांत पहिल्यांदा.

पुढचं सगळं सोपं होतं असं नाही म्हणत मी. तोंड आलं, केस गेले, ताप आले. पण सुरुवातीचे दिवस निभले. मुख्य औषध होतं कॅप्सूल, आणि ती म्हणे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली. हे ऐकल्याबरोबर आईंनी पाच पौंड गाजरं किसून हलवा केला. नर्स किंचाळली, वरून आणखी जीवनसत्त्व नको! तो हलवा नर्सनंच संपवला. नंतरच्या महिन्यांत दुसरं औषध सुरू झालं, शिरेतून, आठवड्यातले पाच दिवस. नवऱ्यानं नाव सांगितलं, आर्सेनिक. आईंना कळेना, म्हणून त्यानं डिक्शनरी काढली. सोमल.

"सोमल?" आई ताठ झाल्या. "अरे, सासूनं सुनेला सोमल घातला म्हणून पुण्यात तोंड दाखवायला जागा राहील का मला?"

आणि तरी त्याच बाई रोज सकाळी माझ्या हातात गरम पाण्याची पिशवी देऊन म्हणायच्या, "चल, सोमलाची वेळ झाली." त्यांनी व्हिसा वाढवून घेतला, हिवाळा काढला, बर्फात चालायला शिकल्या. रिपोर्ट साफ आला तेव्हा बदकवाल्या डॉक्टरांना वाकून नमस्कार करायला निघाल्या होत्या, त्यांनी घाबरून मागे उडी मारली.

वसंतात पाळी थांबवायची गोळी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, इतक्या औषधांनंतर पाळी परत येईल, किंवा येणारही नाही, आणि आली तर ती कशी येते ते बघायचं. नेहमीसारखी आली आणि नेहमीसारखी थांबली, तर आपलं रक्त आपलं काम करतंय असं समजा. रक्ताचे रिपोर्ट कितीही साफ असोत, माझा जीव त्या एका गोष्टीत अडकला. एप्रिल गेला, मे गेला. आई जूनमध्ये पुण्याला गेल्या. जुलै. मी पस्तिशीची बाई, तेरा वर्षांच्या पोरीसारखी वाट बघत होते.

ऑगस्टअखेर आई परत आल्या. पिठीचा डबा मी स्वतः रिकामा केला. तळाशी पिठीच होती.

गणपतीच्या दिवशी सकाळी मी बाथरूममध्ये गेले, आणि आली होती. मुहूर्त तरी कसला निवडला बघा! वर्षभर नाही आणि त्या दिवशी, त्या तासाला, बाहेर उकड परातीत काढलेली असताना. मी आत बसून हसतेय आणि रडतेय. किती वेळ कोण जाणे. मुलीनं दार वाजवलं, "आई, आर यू ओके?" मी म्हटलं, हो गं राणी, एकदम ओके.

बाहेर आले. आई उकड मळत होत्या, हात कोपरापर्यंत पिठात. मी लांबच उभी राहिले, सवयीनं, आणि म्हटलं, "आई, मला अडचण आलीय."

त्यांचे हात थांबले. मग तशाच पिठाच्या हातांनी त्यांनी फोन उचलला, पुण्याला नणंदेला लावला. घरात नवऱ्याच्या ऑफिसातले चार मराठी पुरुष मखर उभारत होते. आणि आई, आयुष्यभर तो शब्द न उच्चारलेल्या आई, साता समुद्रापार ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अगं, आली! हिला पाळी आली! हो, पाळी, पाळी!" एकाच्या हातून मखराचा खांब पडला. मी काही लाजलेबिजले नाही, मी तिथल्या तिथे गिरकी घेतली. नवऱ्यानं आईंसमोर मला मिठी मारली आणि त्या भरात मी त्याला 'अरे' म्हटलं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

फोन ठेवून आई म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? हात धू आणि मोदक वळायला बस. उकड गार होतेय."

"मी? आज?"

"मग काय शेजारीण करणार?"

बसले. वळले एकवीस. पारी जाडच, कळ्या तिरक्याच, वाफ लागल्यावर नेहमीसारखे हसून उघडले. आईंनी ताट घेतलं. खाली आपले मोदक लावले, देखणे, कळीदार. मग माझे वर रचले, फुटकेतुटके, सारण बाहेर आलेले, आणि त्यावर तूप सोडून ताट माझ्याच हातात दिलं. "तूच ठेव देवापुढे," त्या म्हणाल्या.

पाळी पाचव्या दिवशी थांबली.